आर्नोच्या आईचं खमीर

हैफा, १ मे

प्रिय अब्बा,

शालोम. आम्ही ठीक. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरने जिने चढू नको म्हटलंय, म्हणजे तू नक्की चढत असणार. इथे समुद्रावरून नुसतं वारं. वाळत घातलेले कपडे दुपारपर्यंत पापडासारखे होतात.

तुझा निरोप मिळाला. "वल्हांडण संपला, शब्बाथला येतो. जावयाला म्हणावं, तो काळा पाव कर. बेखमीर भाकऱ्या चावून दात हलले माझे."

मी आर्नोला वाचून दाखवलं. तो हसला. "सांग, नाही जमणार." आणि सायकल घेऊन बाहेर गेला.

का नाही जमणार, ते लिहायला बसलेय. आणि बघ, कपड्यांबद्दलच लिहीत बसलेय.

तो पाव विकतच्या यीस्टचा नव्हता, अब्बा. फ्रिजमध्ये बरणीत खमिराचं आंबट पीठ असायचं ना, ते त्याच्या आईचं. लग्नाला येताना तिने फिनलंडहून मांडीवर ठेवून आणलेलं. अधूनमधून राय नावाच्या धान्याचं पीठ आणि पाणी घालायचं, की जिवंत राहतं. जानेवारीत ती गेली. तिकडचं घर आवरलं, तिकडे कुणाकडेच आता ते नाही. इथली बरणी तेवढी होती.

वल्हांडणात घरात खमीर चालत नाही, म्हणून सणाआधी मी तुला फोन केला. शेजारच्या अरब उम्म रामीकडे सण संपेपर्यंत ठेवू का बरणी?

तू म्हणालास, "ही धर्मगुरूंची, रब्बींची पळवाट. विकल्याचं नाटक करायचं, सण संपला की परत आणायचं. मोशेच्या तोरामध्ये कुठंय असं? घरात खमीर असेल तर मी त्या घरात जेवणार नाही."

"आर्नो यहुदी नाहीये, अब्बा."

"परक्यालाही लागू आहे, वाच नीट. आपण यहुदी असून येशूला मसीहा मानतो ना? त्यानंही हा सण पाळला. तुझा नवरा त्याच्याहून मोठा लागून गेला का?"

फोन स्पीकरवर होता. आर्नो कांदा चिरत होता.

कुणाची बरणी, ते मी सांगितलं नाही. तू विचारलं नाहीस.

सणाच्या सकाळी उठले तर तो सिंकपाशी. बरणी धुतलेली, पालथी. मी ओरडले, "वेडा झालायस का!" तो म्हणाला, "गेल्या वर्षी या खमिरापायी अब्बा आले नाहीत, तू रात्रभर रडलीस. येऊ देत या वर्षी."

संध्याकाळी तू आलास. आधी फ्रिज उघडलास. मग त्याच्या पाठीवर थाप. "आला बाबा, फिनलंडचा जावई माणसात आला!" सगळे हसले. तोही.

मी पाळते, अब्बा. मेणबत्त्या लावते, डुकराचं खात नाही, पुढेही पाळणार. ते आपल्याला दिलंय आणि मला त्याची माया आहे. पण आर्नोला येशूनं बोलावलं ना, तेव्हा आधी त्याचा फ्रिज तपासला नव्हता.

शब्बाथला आलास तर पाव मागू नकोस. माफीही नको, तो लाजेल. एवढंच म्हण, "बरणी असती तरी मी तुझ्या शेजारी बसलो असतो."

आणि हे खोटं खोटं म्हणू नकोस. त्याला कळेल, आणि तरी तो हसेल. ते हसणं मला पुन्हा बघवणार नाही.

खरं म्हणता येत असेल तरच ये.

तुझीच, पण त्या घरातली जिथे तू जेवणार नव्हतास,
हदास