जुन्या मेमरीचं कुंकू

भावजी,

नवा प्रोसेसर दुकानात परत नेऊ नका, तो चांगला आहे. कॉम्प्युटर सुरू होईना म्हणून तुम्ही वैतागून गेलात, पण मला राहवेना. झाकण उघडलं, तर जुन्या मेमरीच्या पट्टीच्या सोनेरी दातांत कुंकू! आईंनी नव्याबरोबर तिलाही लावलेलं. म्हणाल्या, "राबायला तीच हाय की अजून!"

पट्टी काढून खोडरबरानं पुसली आणि कॉम्प्युटर सुरू झाला. एवढ्याशा पट्टीवाचून नवा प्रोसेसर का अडतो हो? आल्यावर सांगा.

छोट्या भैरवीला लस द्यायला नेतेय. चार वाजता कॉम्प्युटरवरच माझी नोकरीची मुलाखत आहे, तोवर हात लावू नका. आणि आईंना बोलू नका. कॉम्प्युटरच्या डब्याला बाहेरून त्यांच्याच हातानं कुंकू लावून घेतलंय.

नंदिनी