सन्माननीय प्रेक्षक

३ जून, मंगळवार
पत्र आलं! चॅनेलच्या प्रेक्षक सल्लागार मंडळासाठी बारा जण बोलावलेत, त्यात मी. एकोणीस वर्षं मालिका बघतोय, ते काय उगाच? पंधरा तारखेला बैठक. प्रत्येकाला पाच मिनिटं. विषय : पडद्यावर अल्पसंख्य आणि दुर्लक्षित माणसं कशी दिसतात. त्यातून मंडळाची माणसं निवडणार. माझं पक्कंच.
हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, जाहिरात समजून फेकणारच होते. पिकतं तिथे विकत नाही, असो.
विषय तर घरचाच. लेकीला जन्मापासून ऐकू येत नाही. बावीस वर्षांची आहे, छापखान्यात मुद्रितं तपासते, साधा अनुस्वारसुद्धा तिच्या नजरेतून सुटत नाही. या विषयावर माझ्याइतका अधिकार त्या बारांत कोणाचा असणार?
संकल्प : आजपासून फक्त गंभीर मालिका. विनोदी बंद. रोज टिपणं काढायची.

४ जून, बुधवार
गंभीर मालिका पाहिली. सासू वळते, वीज कडाडते. सासू पुन्हा वळते. टिपण : सासवांचं प्रतिनिधित्व जरा जास्तच झालंय.
मध्येच डोळे मिटून चिंतन केलं. ही म्हणते घोरत होतास.
नंतर चुकून विनोदी मालिका लागली. अभ्यास म्हणून राहू दिली.

५ जून, गुरुवार
विनोदी मालिकेत बहिरा काका आलाय. घरात चोर शिरतो, सगळे बोंबा मारतात, आणि काका पाहुणा समजून चोराला खुर्ची देतो, पंखा लावतो! हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी. हीसुद्धा हसली. लेकीने माझा खांदा हलवून विचारलं, काय झालं? मी हातानेच म्हटलं, नंतर सांगतो.
खुणांची भाषा मला बऱ्यापैकी येते. जेवण, पाणी, रिमोट आणि नंतर. रोजचं भागतं. ही आणि लेक मात्र तास तास हातवारे करत बसतात. बायकांच्या गप्पा, दुसरं काय.
लेक उठून खाली शिंपीणबाईंकडे गेली. या वेळेला रोजच जाते. शिवण शिकत असावी. चांगलं आहे.

८ जून, रविवार
लेकीने आमच्या बोलायच्या वहीत लिहून दाखवलं की टीव्हीवर संवाद लिहून येतात ती अक्षरांची पट्टी चालू ठेवू या का. पुन्हा तेच! ती पट्टी थेट नटांच्या हनुवटीवर येते, आणि नटाचा निम्मा अभिनय हनुवटीत असतो. हे तिला कोण समजावणार? म्हटलं, आधी बैठक होऊ दे. मग बघू.
दुपारी भाषणाचा पहिला मुद्दा लिहिला : 'यांचं म्हणणं कोणी लक्षातच घेत नाही.' झकास जमलाय.

११ जून, बुधवार
कामावर, चष्म्याच्या दुकानातच तालीम. डोळे तपासायला एक बाई आल्या होत्या. यंत्रावर हनुवटी टेकवून बसल्या होत्या, तेवढ्यात अख्खं भाषण म्हणून दाखवलं. जराही हलल्या नाहीत. इतका एकाग्र श्रोता मिळणं भाग्याचं. संपल्यावर म्हणाल्या, आता उठू का?
मालक संध्याकाळी ओरडले. म्हणे मी त्या बाईंच्या डाव्या डोळ्याचा नंबर उजव्याला लिहिला. मोठ्या कामात अशा बारीकसारीक गोष्टी व्हायच्याच.

१४ जून, शनिवार
लेकीलाही बैठकीला न्यायचं ठरवलं, पुरावा म्हणून. ही म्हणाली, पुरावा काय पुरावा, पोर आहे ती आपली. मग शब्द बदलला : जिवंत उदाहरण. ही उठून आत गेली, म्हणजे पटलं.
लेकीला भाषण वाचायला दिलं. सवयीने लाल पेन घेऊन बसली. सहा चुका काढल्या. मजकुराबद्दल चकार शब्द नाही. फक्त 'मी माझ्या लेकीचा आवाज आहे' या वाक्यापुढे समासात एक प्रश्नचिन्ह. पेन घसरलं असेल.

१५ जून, रविवार. संध्याकाळ
सविस्तर लिहायचा मूड नाही. थोडक्यात.
भाषण चार मिनिटं चाळीस सेकंद. टाळ्या पडल्या. तिथेच थांबायला हवं होतं.
पण चॅनेलच्या मॅडमनी लेकीला विचारलं, घरी काय बघतेस? त्यांनी खुणांची दुभाषी ठेवली होती. लेक बोलायला लागली. केवढे भराभर चालतात तिचे हात! मी असे कधी पाहिलेच नव्हते. दुभाषी सांगत गेली. घरी काहीच बघत नाही. खाली शिंपीणबाईंकडे बघते, तिथे अक्षरं लावलेली असतात. मॅडमनी बहिऱ्या काकाबद्दल विचारलं. लेक म्हणाली, काका आवडतो मला. घरात एवढा गोंधळ होतो आणि काय चाललंय ते त्याला कोणी सांगत नाही, हे अगदी खरं दाखवलंय. आमच्याकडेही सगळे हसतात. मी विचारते, काय झालं? बाबा म्हणतात, नंतर सांगतो. पहिलीत होते तेव्हापासून.
मी पाणी प्यायलो. दोन पेले.
मंडळावर लेकीला घेतलं. मला येण्याबद्दल धन्यवाद म्हणाले, आणि एक पेन दिलं.

१५ जून, जेवणानंतर
तिने आधी नीट सांगितलं असतं, तर लावली असती की पट्टी. मी काय राक्षस आहे?

१५ जून, झोपण्यापूर्वी
ती बोलायची वही चाळली. लिहून दाखवलं होतं. या वर्षातच सात वेळा.

१६ जून, सोमवार
पट्टी चालू केली. बटण सापडायला पाऊण तास लागला, कारण त्याला वर्षानुवर्षं बोटच लागलेलं नव्हतं. हनुवट्या दिसत नाहीत. चालायचंच. लेक आज खाली गेली नाही. वाईट वाटत होतं, ते जरा कमी झालं.
संकल्प : महिनाभरात खुणांची भाषा पूर्ण शिकायची. रोज वीस खुणा. उद्यापासून.

१७ जून, मंगळवार
दुकानात गर्दी. खुणा उद्यापासून.
संध्याकाळी ती दुभाषी घरी आली, मंडळाच्या कामासाठी. सोफ्यावर ती, लेक आणि ही. सहा हात एकदम चाललेले. मी समोरच्या खुर्चीत. मध्येच लेकीने काहीतरी सांगितलं आणि तिघी हसत सुटल्या. हिने तर पदर तोंडाला लावला. मीही थोडा हसलो, बरं दिसावं म्हणून. कशाला हसलो ते कळेना. शेवटी उठून लेकीचा खांदा हलवला आणि विचारलं, काय झालं?
तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. डोळे पुसत पुसत हाताने काहीतरी म्हणाली आणि पुन्हा त्यांच्याकडे वळली.
ती खूण मला येते.