उपरण्याखालचा भाव

नांदूरघाट,
१२ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. फोन तुम्ही उचलत नाही आणि मीही पुन्हा लावला नाही, म्हणून हे पत्र. आमचा कार्यकर्ता आदिनाथ हातोहात आणून देईल. वहिनींचा गुडघा कसा आहे? पाटोद्याला आपल्या आडतीवर यंदा सोयाबीन उशिरा येतंय असं ऐकलं. आडत सोडून ऊसतोड मजुरांच्या संघटनेत आलो त्याला बरीच वर्षं झाली, तरी बाजाराच्या दिवशी कान तिकडेच लागतात.

आमचा संप, कोयता बंद, अजून चालू आहे. परवा कारखान्याचे संचालक म्हणून बोलणी करायला तुम्हीच आलात. त्याआधी मी ऊसतोड्यांसमोर तासभर बोललो होतो. मजुरीचा भाव मजुरांसमोर ठरावा, हे माझं नेहमीचं वाक्य. त्याला टाळ्याही पडल्या. नंतर मंडपाच्या कडेला तुम्ही खांद्यावरचं उपरणं हातावर टाकलंत आणि माझा हात आपोआप त्याखाली गेला. आप्पांनी आपल्या दोघांना बैलबाजारात शिकवलं तसंच. बोटं दाबून आकडा सांगायचा, तोंड मिटून ठेवायचं.

भाव चांगला दिलात. आम्ही मागितला त्याहून वरचा. अट एकच घातलीत, हा आकडा बाहेर जाता कामा नये, नाहीतर बाकीचे कारखानदार तुमच्यावर उठतील. मी मान डोलावली.

मंडपात येऊन म्हणालो, "जमलंय. गाड्या भरा, तोडीला निघा."

सुरेखा पुढेच बसली होती. दरवर्षी टोळीबरोबर तोडीला जाते ती. "कितीला जमलं, भाऊ?"

"विश्वास ठेवा."

"इस्वास हाय की. पण आमचा भाव तुमच्या बोटाला कळला, मंग आमाला कावून न्हाई?"

मागून सटवा म्हणाला, "आगं, शेट हायेत ते. शेटाचा हात फडक्याखालीच चालतो."

सगळे हसले. मीही हसलो. गाडी मात्र एकानेही भरली नाही. उद्या पुन्हा सभा आहे. आकडा कळला नाही तर ते दुसरा पुढारी निवडतील, आणि ते बरोबरच करतील.

उद्या मी आकडा सांगणार आहे. कोणी दिला तेही सांगेन. तुम्ही नाकारलंत तर मी खोटा ठरेन आणि बंद लांबेल. कबूल केलंत तर बाकीचे कारखानदार तुम्हाला सुखाने बसू देणार नाहीत. शिवाय उपरण्याखालचं बोलणं ज्या घरातून फुटतं, त्या घराला बाजारात पुन्हा कुणी हात देत नाही. आता आडतीवर तुमचा परमेश्वर बसतो, म्हणजे ते त्याच्याच वाट्याला येईल. पुतण्याचा विचार केला नाही असं समजू नका. केला, आणि तरीही सांगणार आहे.

हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, एवढ्यासाठीच लिहिलं. येऊन अडवू नका.

पुढच्या महिन्यात आईचं श्राद्ध आहे. माझं पान मांडू नका.

आपला धाकटा,
विजयसिंह