दोघींची मापं

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

प्रभूच्या नावाने सलाम. तुम्ही तिघं खुशाल असाल. यांचा गुडघा आता बरा आहे. पांढऱ्या फ्रॉकचं पार्सल मिळालं. कुठे डाग नाही, लेस शाबूत. तुझ्या बाहुलीने चर्चमधल्या दृढीकरणाच्या विधीला एकदाच घातलेला, तोच आता आमच्या चिमीच्या दृढीकरणाला. पार्सलची दोरी सोडवून गुंडाळून ठेवली आहे, कागदाच्याही घड्या काढल्यात.

परवा फोनवर तू विचारलंस आणि मी "सगळं ठीक" म्हणाले. तुझा आवाज ऐकला की मला ठीक असावंच लागतं, म्हणून हे पत्र. शेजारचे बसने तुमच्याच गावाला निघालेत, त्यांच्या हाती देते. संध्याकाळी तुला मिळेल.

चिमी जिन्यावर आहे. गच्चीपासून खालच्या दारापर्यंत, आणि परत वर. जेवण जिरवते म्हणे. जेवली काय ते मी पाहिलंय: अर्धी पोळी, तीही कुस्करून ताटभर पसरलेली. ही सहावी खेप. मोजायची खोड माझीच, तिने ती माझ्याकडूनच उचलली.

तुला माहीत आहे, बाहुलीचे कपडे आले की मी वहीत एका रकान्यात तिचं माप लिहिते, दुसऱ्यात चिमीचं. कुठे आत घ्यायचं, कुठे उसवायचं ते त्यावरून ठरतं. तुला सांगितलं नाही ते हे, की शिवण संपल्यावरही मी ते रकाने बघत बसायचे. चिमीचा आकडा कमी असला की मला बरं वाटायचं. तू कॉलेजात गेलीस, नर्स झालीस, मी मॅट्रिकवर थांबले. तुझ्या पुढे जायला मला दुसरं काही सापडलं नाही गं. मुलीची कंबर सापडली.

दोन वर्षांपूर्वी तो निळा फ्रॉक चिमीला कमरेत बसेना. तोंडात टाचण्या धरून मी म्हणाले, "बाहुलीला येतो, तुलाच कसा येत नाही?" हे म्हणाले, "अगं, मुलगी आहे ती, उशी नव्हे, कोंबून बसवायला!" आम्ही दोघं हसलो. चिमी हसली की नाही, आठवत नाही. मी टाचण्या लावत होते.

काल पांढऱ्या फ्रॉकसाठी वही काढली. माझ्या शेवटच्या नोंदीपुढे पानंच्या पानं भरलेली. अक्षर हुबेहूब माझं, तसाच तिरका सात, रेघसुद्धा माझ्यासारखी दुहेरी. पण मी लिहिलेलं नव्हतं. रोजची तारीख, डावीकडे बाहुली, उजवीकडे ती. बाहुलीचा आकडा महिन्यातून एकदा बदलतो. ही फोनवर गमतीगमतीत विचारते आणि तुझी भाबडी पोर टेप लावून सांगते. चिमीचा आकडा रोज उतरतो. पुढच्या तारखासुद्धा मांडून ठेवल्यात, आकड्यांसकट, दृढीकरणाच्या रविवारपर्यंत. त्यानंतर पान कोरं. त्या कोऱ्या पानाकडे बघत राहिले, तोवर दूध उतू गेलं.

आता गेल्या रविवारचं. हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं.

चर्चमध्ये पाळकसाहेब प्रभूच्या शिष्यावर, पेत्रावर बोलत होते. प्रभू त्याला समोरासमोर सांगतोय, माझ्यामागे ये. आणि हा मान वळवून दुसऱ्याच शिष्याची चौकशी करतो, ह्याचं काय व्हायचं म्हणून. प्रभूने त्याला चांगलंच सुनावलं, त्याच्याशी तुला काय करायचंय? माझ्या मनात काय आलं सांगू? म्हटलं, आज धाकटी इथे हवी होती, तिच्या कानावर पडायला हवं होतं हे. तेवढ्यात मागचा बाक वाजला. वळून पाहिलं तर चिमी खाली पडलेली, ओठ निळे.

डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली. घड्याळाकडे बघितलं, सोडली, पुन्हा धरली. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हृदय दमलंय हिचं. सोमवारी खाट रिकामी होते, दाखल करा. त्याआधी काही वाटलं तर तशीच उचलून आणा. आणि जिना बंद." चिमी म्हणते, दृढीकरण होईपर्यंत दवाखान्याचं नाव काढू नका. मी जिन्यात आडवी उभी राहते, तर हाताखालून निसटते. मनगट धरायची भीती वाटते मला. हातात काही लागतच नाही.

तू ये. रजा काढ. माझं ती ऐकणार नाही, का ऐकावं? बाहुलीलाही आण, पण तिला आजच सांग, फोनवर माप सांगायचं नाही. आणि कपडे आणू नकोस. आता कधीच नको.

आजवर माझ्या प्रार्थनेत तू असायचीस, पण पट्टीसारखी. तुझ्याशेजारी मला आणि चिमीला उभं करायचे आणि मग प्रभूचे आभार मानायचे किंवा गाऱ्हाणं सांगायचे. आज सकाळी चिमीसाठी नुसतं चिमीसाठी मागितलं. मग तुझ्यासाठी, वेगळं. वीस वर्षांत पहिल्यांदा.

पावलं थांबली. थांब, बघून येते.

चिमीच होती, दारात. "मावशीला लिहितेस? माझं माप कळवतेस?" मी पत्र तिच्या हातात दिलं. उभ्यानेच वाचलं, भिंतीला टेकून. एका हाताची मूठ खिशात होती, टेपचं टोक बाहेर लोंबत होतं. म्हणाली, "बाहुलीचं माप नसलं तर मला कसं कळणार, पुरे झालं की नाही?"

"पुरे झालं, चिमे. आधीपासूनच पुरे होतं. मीच कधी सांगितलं नाही."

तिने पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "मावशी आली तर बघू." दूध पुढे केलं, ते प्यायली नाही. वही मात्र मागून घेतली, आणि मी दिली. दिली गं. हिसकावून घ्यायचं धाडस झालं नाही.

पावलं पुन्हा वाजताहेत. आता मधल्याच पायरीवर थांबतात, मग हळूच पुढे. धाकटे, सोमवारची वाट बघू नकोस. पत्र मिळेल त्याच पावली निघ.

इतकी वर्षं पत्राखाली 'तुझी मोठी बहीण' लिहीत आले. त्यातला एक शब्द आज गाळते.

तुझी बहीण