घराखालचा कातळ

बाबा, आज सकाळी आई पुन्हा जिन्यात उभी राहून नवीन बिऱ्हाडाला सांगत होती, "आमच्या ह्यांनी जमीन पारखून घेतलंय हो घर. खाली कातळ आहे, कातळ!" मी भाजीची पिशवी घेऊन गुपचूप वर आले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचा प्रचार काही थांबत नाही.

तुम्ही भूवैज्ञानिक. लडाख, कच्छ, बस्तर, कुठे कुठे तंबू ठोकलेत, आणि आम्ही मायलेकी परळच्या भाड्याच्या दोन खोल्यांत. घरी यायचात ते रापलेल्या तोंडाने, बुटांत वाळू घेऊन, आणि चार दिवसांत कासावीस व्हायचात. निवृत्त झालात तेव्हा आईने एकदाच तोंड उघडलं. तव्यावर पोळी टाकता टाकता म्हणाली, "जन्मभर जमिनी बघत फिरलात. आपल्यासाठी वीतभर घेतली नाहीत." तुम्ही ताटावरून मान वर केली नाहीत. मला तुमचा भयंकर राग आला होता, खोटं कशाला बोलू?

मग दोन हजार तीन-चारच्या सुमाराला दर रविवारी आपण तिघं मीरा-भाईंदर पालथं घालतोय. लोक विचारतात पाणी किती वेळ येतं, आणि तुम्ही पायाच्या खड्ड्यात उतरताय. "भरणी आहे. मिठागर होतं इथे." पुढची इमारत. "खाली नुसता चिखल." आई रिक्षात कंटाळून बसलेली. मला तर खात्रीच होती, तुम्हाला घर घ्यायचंच नाहीये, दगडमातीचं नुसतं निमित्त. काशीगावला मात्र स्वारी खूश! डोंगर जवळ, खाली पक्का खडक. पण स्वयंपाकघर अंधारं, कोंदट. आई दारातूनच मागे फिरली.

भाईंदर पश्चिमेला, मोरव्याच्या अलीकडे, एका अर्धवट इमारतीत ती ओट्यापाशी थांबली. खिडकीतून खाडीचा वारा येत होता. ओट्यावरची सिमेंटची धूळ पदराने पुसून म्हणाली, "इथे मिसळणाचा डबा. इथे कुकर." तिला इतकं हरखलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात तुम्ही खालून आलात, चपला काळ्या चिखलाने भरलेल्या. बिल्डरचा माणूस म्हणाला, "अंकल, टेन्शन मत लो, एकदम सॉलिड है." तुम्ही त्याच्याकडे बघितलंही नाहीत.

आईने भीतभीतच विचारलं, "कशी आहे हो जमीन?"

"कातळ आहे. घेऊन टाकू."

जमिनीबद्दल तुम्ही कधी साहेबापुढेही खोटं बोलला नव्हतात. मी तुमच्या चपलांकडे पाहिलं, आणि तुम्ही मला डोळ्यांनीच दटावलंत.

त्या घरात तुम्ही थोडीच वर्षं राहिलात. सकाळी घोडबंदरच्या किल्ल्याकडे चक्कर, जेवायला मात्र घरी. आई वाढायची, तुम्ही निवांत जेवायचात. चिखलात खोलवर खांब उतरवतात, पायलिंग वगैरे असतं, इमारत काही पडत नाही, हे मलाही कळतं. तरी आईला मी खरं काय ते सांगितलेलं नाही, आणि हा कागदही तिच्या हाती लागायच्या आत फाडून टाकीन.

आणि बाबा, शेजारचा फ्लॅट विकायला निघाला होता. तो मी घेतला. खाली काय आहे ते माहीत असून.