मुकी डबी

प्रिय भिंगरी,

हाका मारून मारून घसा बसला, म्हणून दाराखालून कागद सरकवतेय. माझं अक्षर चौथी नापासाचं आहे. नाक न मुरडता वाच.

तुझा बाप जिवंत आहे. आधी तेवढं वाचून श्वास घे. शुद्ध मात्र अजून नाही. आई तिकडे दवाखान्यात बाकावर बसून आहे. तुझं विचारत नाही, मीही काही सांगत नाही.

त्याच्या छातीवर तूच बनवलेली डबी होती, ठोके बिघडले की दवाखान्याला कळवणारी. ठोके बिघडले, डबीला कळलं, दवाखान्याला काही कळलं नाही. वर हिरवा दिवा आपला मिरवतोय! बाप मोरीत पडलेला मला दिसला, म्हणून आज आहे.

तुझा कामावरचा तो चष्मेवाला स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसलाय. डोळे पुसतो आणि टाइप करतो. त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं. डबीने दवाखान्याशी बोलायची नवी रीत आलीय, एचटीटीपी तीन. ती जलद, म्हणून तू तेवढी एकच रीत येणारी लायब्ररी घेतलीस. लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने करून ठेवलेलं आयतं काम, शिंप्याने काजं बाहेरून करून आणावीत तसं. ते असो. पण आपल्या घरचा जुना राउटर ती नवी रीत पुढे जाऊच देत नाही, आणि तुझ्या लायब्ररीला जुन्या रीतीवर माघारी यायचं ठाऊक नाही. अडलं तर ओरडतही नाही, तोंड शिवून बसते. तुझ्यासारखी. ऑफिसातल्या नव्या लाइनवर शंभरदा तपासलीस म्हणे. अगं, बापाच्या घरी एकदा तरी लावून बघायचीस! नवी चप्पल दुकानातल्या गालिच्यावर कुणालाच चावत नाही.

चुकलीसच. कुशीत घेऊन तुझं काही चुकलं नाही म्हणणारी आजी दुसरीकडे बघ. पण शिवण चुकली तर बाई ती उसवते नि पुन्हा घालते. सुई फेकून कोपऱ्यात बसत नाही.

तसल्याच डब्या अजून कितीतरी घरांत आहेत. चष्मेवाला त्या घरांना फोन करकरून थकला, सगळे उचलतही नाहीत. त्याच्यापुढे दोन लायब्रऱ्या आहेत. दोन्ही आधी नवी रीत धरतात, अडलं की जुनीवर येतात. एक हलकी, पण माघारी फिरायला फार वेळ लावते, आणि तेवढा वेळ कुणाच्या छातीत असेलच असं नाही. दुसरी झटकन वळते, पण जड. डबीच्या एवढ्याशा पोटात मावेल की डबीच बंद पडेल, त्याला सांगता येत नाही. त्या पोटात काय काय कोंबलंयस ते तुला ठाऊक. मी त्याला किती टोचलं तरी तुला विचारल्याशिवाय तो हात लावायला धजत नाही.

आणि आता मुद्द्याचं. बापाला बघायला गेले तेव्हा डॉक्टरांनी माझेही ठोके तपासले. बरे नाहीत. म्हणाले, इथेच राहा, नाहीतर दुसऱ्या कंपनीचं यंत्र लावा. मी कुणाचं ऐकते? बाहेरच्या खोलीत तुझ्या टेबलावर उरलेली डबी सकाळपासून माझ्या छातीवर आहे. तीच लायब्ररी, हाच राउटर. तू निवड करेपर्यंत मी ती काढणार नाही, दवाखान्यातही जाणार नाही. दार आतल्या बाजूला उघडतं, आणि मी त्यालाच टेकून बसलेय. उघडताना जरा जपून.

तुझीच,
आजी