पंख्यातली टरफलं

ओग्न्येन,

शी! तुझा लॅपटॉप उघडला आणि शिसारीच आली. पंख्यात सूर्यफुलाच्या बियांची टरफलं, सिगारेटची राख आणि आईनं खाली अंथरलेल्या क्रोशाच्या रुमालाचे धागे! हवाच मिळत नाही, म्हणून प्रोसेसर तापतो आणि गेम अडखळतो. म्हणे नवा प्रोसेसर बसवायचाय! अरे गाढवा, तुझा प्रोसेसर बोर्डाला डाख देऊन पक्का केलेला आहे, तो बदलता येत नाही. आणि त्यासाठी तू बाबांचं अकॉर्डियन विकायला निघालास? ते मी बेलग्रेडला घेऊन चाललेय.

लॅपटॉप साफ केलाय, आता नीट चालतो. खेळताना रुमाल काढत जा, पण आईला काही बोलू नकोस. तिनं असे दोनच विणलेत. दुसरा बाबांच्या फोटोखाली आहे.

यास्नाताई